माफुरू नाखव्याची झोप

माफुरू नाखव्याने होडीवर जाणं सोडलं तेव्हा अख्ख्या किनाऱ्याने त्याला सांगितलं होतं, की बाबा, आता रात्री खुशाल झोप. सांगायला कुणाचं काय जातं? मोठ्या सरोवरातल्या उकेरेवे बेटाच्या त्या कडेला रात्री झोपणं हे पुरुषांचं काम कधी नव्हतंच. तिथली डागा मासळी बोटभर लांब, चकचकीत आणि उजेडाला भुलणारी. काळोख्या रात्री सरोवरात बत्त्या पेटवायच्या, मासळी उजेडाखाली गोळा झाली की जाळं ओढायचं, उजाडताना होडी काठाला लावायची, मासळी बायकांच्या हवाली करायची आणि आपण आडवं व्हायचं. आभाळात मोठा चंद्र असला की बत्तीला मासळी भाव देत नाही, म्हणून चांदण्याचे तेवढे दिवस सुट्टी. माफुरू मिसरूड फुटायच्या आधी होडीवर चढला, तो गुडघे कुरकुरायला लागेपर्यंत असाच जगला. मग त्याने होडी पुतण्याच्या, म्हणजे ब्विरेच्या, हाती दिली आणि घरी बसला.

तो घरी बसला आणि लिओकादियाची झोप उडाली.

लिओकादिया त्याची बायको. इतकी वर्षं काळोख्या रात्री तो पलंग तिच्या एकटीचा होता. हातपाय चारी दिशांना पसरून ती जी झोपायची, ती पहाटे होड्यांची चाहूल लागली की आपसूक उठायची, घमेली उचलायची आणि किनाऱ्यावर जायची. आता त्या पलंगावर एक धिप्पाड माणूस आला होता आणि तो झोपत नव्हता. तो कूस बदलायचा. उठायचा. माठातलं पाणी प्यायचा. दार उघडून सरोवरातल्या बत्त्या बघायचा, त्यातली ब्विरेची कुठली ते शोधायचा, दार लावायचा आणि जरा वेळाने पुन्हा उघडायचा. बायकोला जाग येऊ नये म्हणून हे सगळं तो अगदी गुपचूप करायचा. पण वाऱ्यावर आवाज चढवण्यात ज्याचा जन्म गेला, त्याचं गुपचूप म्हणजे चारचौघांचा गोंधळ. एकदा तर अंधारात चाचपडताना तो स्वतःलाच ‘हळू, हळू’ म्हणून बजावत होता, आणि त्या ‘हळू’नेच ती दचकून उठली.

लिओकादिया काही ऊठसूट भांडणारी बाई नव्हती. नव्याचे नऊ दिवस आहेत, होईल सवय, म्हणून तिने सोसलं. पण एका दुपारी वाळवणापाशी बसल्या बसल्या तिचा डोळा लागला आणि बगळ्यांनी निम्मी मासळी फस्त केली. ती जागी झाली तेव्हा एक बगळा तिच्या पायाशी निवांत उभा होता. हाकलला तरी जाईना. शेजारच्या बायका पोट धरून हसल्या. तिला हसू आलं नाही, कारण त्या वाळवणावर आजवर तिच्या समोरून एकाही पक्ष्याने एकही मासा उचलला नव्हता आणि हे सगळ्यांना माहीत होतं.

त्या संध्याकाळी मक्याच्या पिठाची उगाली वाढताना तिने आवाज न चढवता सांगून टाकलं.

‘‘न्यांगेता कधीची बोलावतेय, बाळाला सांभाळायला ये म्हणून. हा महिना बघते. तुमची ही रात्रीची गस्त थांबली तर ठीक, नाहीतर मी म्वांझाला चालले.’’

न्यांगेता त्यांची थोरली मुलगी. सरोवरापलीकडे म्वांझा शहरात तिचा संसार होता. माफुरूने आधी हे थट्टेवारी नेलं. पण जेवण झाल्यावर लिओकादियाने आढ्याखालची कापडी पिशवी खाली काढली, झटकली आणि दाराच्या मागे अडकवून ठेवली, तेव्हा त्याची थट्टा जिरली. होडी सोडताना त्याने मनाशी एवढंच ठरवलं होतं, की म्हातारपणी हिच्याबरोबर अंगणात बसायचं. ती गेली तर अंगण काय चाटायचं होतं?

मग नाखव्याने झोपेच्या मागे हात धुवून लागायचं ठरवलं. जुना खलाशी मन्यामा आता किनाऱ्यावर जाळी विणत बसायचा, त्याने सांगितलं, झोपताना पेलाभर गरम दूध. मन्यामाच्या बायकोने सांगितलं, पाय गरम पाण्यात बुडवून बसायचं, पाण्यात चिमूटभर मीठ. दवाखान्यातल्या न्यामिसी नर्सने मात्र त्याला खुर्चीत बसवून सगळं विचारून घेतलं. दिवसभर काय करता, कॉफी कधी पिता, दुपारी पडता का, जाग आल्यावर काय करता. आणि मग तिने एकेक सांगितलं. दुपारनंतर ती आल्याची कडक कॉफी बंद. दिवसा पडायचं नाही, कितीही डोळे मिटले तरी. रात्र कशीही जावो, सकाळी ठरल्या वेळी उठायचं. अंग दमवायचं. झोप येत नसेल तर अंथरुणात तळमळत राहायचं नाही, उठून अंधारात बसायचं आणि कंटाळा येईल असं काहीतरी हातांनी करायचं, पण दार उघडून बत्त्या बघायच्या नाहीत. आणि डोक्यात काळजी असेल तर ती अंथरुणाच्या आधी कुणापाशी तरी बोलून मोकळं व्हायचं.

माफुरूने प्रत्येक गोष्टीला मान डोलावली. पण जन्मभर ज्याने हुकूम सोडले, त्याला हुकूम ऐकायची सवय कुठून असणार? दवाखान्याची पायरी उतरेपर्यंत त्यातल्या बऱ्याच गोष्टी गळून गेल्या. उरलं दूध आणि गरम पाणी, कारण ते सोपं होतं आणि ते दोन्ही बायकोने आयतं आणून द्यायचं होतं.

आणि नवल म्हणजे उपाय लागू पडला. त्या रात्री दूध प्यायला, पाय शेकले, आणि जो पडला तो एकदम कोंबडा आरवताना उठला. दुसऱ्या रात्री तेच. तिसऱ्या रात्रीही. लिओकादियालाही कितीतरी दिवसांनी पुरती झोप मिळाली. तिचा चेहरा उजळला, ती उगालीबरोबर रस्सा जरा सढळ हाताने वाढू लागली. पिशवी दाराआडून पुन्हा आढ्याखाली गेली. ते बघून माफुरूला इतकं हलकं वाटलं, की तो गुडघे विसरून किनाऱ्यावर चालत गेला.

तिथे त्याने दुकानच मांडलं म्हणा ना. ज्याला त्याला झोपेचे धडे. मन्यामाला सांगितलं, की दूध नुसतं गरम नको, फुंकून पिण्याइतकं हवं, आणि हे दूध मन्यामानेच सुचवलं होतं हे तो साफ विसरला. शाळेतल्या मास्तरांना सांगितलं, पाणी घोट्याच्या वर यायला हवं. ज्यांना बिचाऱ्यांना गाढ झोप लागत होती, त्यांनाही त्याने थांबवून थांबवून सांगितलं. शेवटी तो न्यामिसी नर्सलाच सांगायला गेला, की तुमच्या त्या बाकीच्या भानगडींची काही गरज नसते. न्यामिसीने ऐकून घेतलं आणि इतकंच म्हणाली, की नाखवाकाका, महिना पुरा होऊ द्या. ही आपल्यावर जळते, असं माफुरूने ठरवून टाकलं.

मग चंद्र उशिरा उगवायला लागला. होड्यांवर पुन्हा बत्त्या चढल्या. ब्विरे संध्याकाळी काकाच्या पाया पडून सरोवरात गेला. माफुरू दूध प्यायला, पाय शेकले, पलंगावर पडला आणि टक्क जागा राहिला. पुढच्या रात्री तो दोन पेले दूध प्यायला. त्याने झोप आली नाही, पोट मात्र गुरगुरायला लागलं. पण आता बोलायची सोय राहिली नव्हती. साऱ्या गावाला झोपेचे धडे देऊन झाले होते, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पिशवी वर गेली होती. ती पुन्हा खाली येताना त्याला बघायची नव्हती. म्हणून नाखव्याने सोंग घेतलं. तो भिंतीकडे तोंड करून निपचित पडायचा आणि घोरायचा. छान, एका तालात, वल्ही मारावीत तसा.

लिओकादियाने दोन रात्री ऐकून घेतलं. तिसऱ्या रात्री ती अंधारात उठून बसली.

‘‘पुरे झालं आता. खरं झोपलेला माणूस इतकं नीटनेटकं घोरत नाही.’’

माफुरू घोरायचा थांबला. थांबला आणि मग आपण थांबलो हे त्याच्या लक्षात आलं.

‘‘कधी कळलं तुला?’’

‘‘पहिल्याच रात्री. चांदण्याच्या दिवसांत तुम्ही घोरता ना, ते ऐकवत नाही. मध्येच अडकतं, मध्येच फुरफुरतं. हे काय, चर्चमधल्या बाजाच्या पेटीसारखं?’’

त्याला लाजही वाटली आणि बरंही वाटलं. सोंग वठवणं म्हणजे जागं राहण्यापेक्षा जास्त कष्टाचं काम होतं. तो उठून तिच्या शेजारी बसला आणि सरळ म्हणाला, ‘‘तू जाऊ नकोस.’’

ती भिंतीला टेकून बसली. म्हणाली, ‘‘तुमची झोप दुधाने आली नव्हती. चांदण्याने आली होती. आयुष्यभर तुम्ही चांदण्यातच रात्री झोपलात. चंद्र मोठा झाला की अंगाला कळतं, आता सुट्टी. चंद्र गेला की कळतं, आता होडी.’’

माफुरूच्या डोक्यात लख्ख उजेड पडला आणि त्याच वेळी तोंडही पडलं. केवढा मोठा नाखवा, सरोवराचा वारा वासावरून ओळखणारा, आणि आपण कधी झोपतो हे बायकोने सांगावं लागलं.

‘‘मग मी काय करू? चंद्राला दावं लावून अंगणात बांधू?’’

‘‘ती न्यामिसी काय म्हणाली होती? दिवसा पडू नका. आणि तुम्ही काय करता? सकाळी ब्विरेची होडी बघायला जाता, ते सगळे खाऊनपिऊन आंब्याखाली जाळ्यांवर आडवे होतात, आणि तुम्हीही त्यांच्यात. पार उन्हं उतरेपर्यंत.’’

‘‘अगं, मी झोपायला जात नाही. गप्पांना जातो.’’

‘‘झोपलेल्या माणसांशी कसल्या गप्पा?’’

हे खरंच होतं. चांदण्याच्या दिवसांत किनारा दिवसा जागा असतो, कुणी होडीला डांबर फासतं, कुणी लग्नाला जातं, कुणी भिंत लिंपतं, आणि माफुरूही त्यांच्यात हिंडत असायचा. काळोखाच्या दिवसांत सगळे बाप्ये आंब्याखाली घोरत पडतात. त्यांच्यातून उठून जायचं म्हणजे आपण आता त्यांच्यातले नाही असं जाहीर करायचं. तेवढं एक त्याच्याने होत नव्हतं.

‘‘मग मी जाऊ तरी कुठे? दिवसा सगळा गाव झोपलेला असतो.’’

‘‘सगळा नाही,’’ लिओकादिया म्हणाली. ‘‘बायका जाग्या असतात.’’

दुसऱ्या दिवशी होड्या लागल्या, मासळी उतरली, आणि माफुरू नाखवा आंब्याकडे वळायच्या ऐवजी डोक्यावर घमेलं घेऊन बायकोच्या मागे वाळवणाकडे चालू लागला. आंब्याखाली माना वळल्या. मग मन्यामाचा आवाज आला, ‘‘नाखवा, सगळं झालं, कमरेला बायकांसारखा कांगा गुंडाळायचा तेवढा राहिला की.’’ सगळा आंबा हसला. ब्विरे बिचारा मान खाली घालून जाळ्याची गाठ सोडवत बसला. माफुरूचे कान तापले. पण एक डोळा त्याने लिओकादियाच्या पाठीवर ठेवला आणि चालत राहिला.

वाळवणावर तर त्याहून वाईट. बायकांनी त्याच्या हातात काठी दिली आणि पक्षी हाकलायला बसवलं. ते काम पोरींचं. दुपारनंतर त्याला बढती मिळाली आणि मासळी पसरायला दिली, तर त्याने ढीग घातले. ‘‘पातळ पसरा, पातळ. उगाली थापताय का?’’ म्हणून लिओकादिया कडाडली, आणि ज्याच्या एका हाकेवर दहा वल्ही थांबायची, तो निमूटपणे पातळ पसरू लागला. इतकी वर्षं त्याने ही मासळी पाण्यातून काढली होती, पण घमेल्यात पडल्यावर तिचं पुढे काय होतं हे त्याने धडपणे कधी बघितलंच नव्हतं. ऊन वर आलं की ती आकसते, मग उलटायची, वेळेवर नाही उलटली तर खालून कुजते. आभाळ भरून आलं की मासळीसकट खालची सगळी जाळी गुंडाळून धावायचं, ऊन पडलं की पुन्हा मांडायचं. मधल्या वेळात पाणी आणायचं, रताळी उकडायची, पोरांना बघायचं. हे सगळं तो झोपलेला असताना चालत आलं होतं. दुपारी त्याचे डोळे मिटायला लागले की लिओकादिया त्याला विहिरीवर पिटाळायची.

झोप काही लगेच पायाशी लोळण घ्यायला आली नाही. पहिल्या काही रात्री तो दमून पडायचा आणि मध्येच टक्क जागा व्हायचा. पण आता तो दाराकडे जात नसे. पाठ सरोवराकडे करून बुटक्या स्टुलावर बसायचा आणि अंधारात दोरी वळायचा. दोरी वळणं इतकं कंटाळवाणं काम आहे, की हळूहळू मानच खाली यायची. कॉफी त्याने सोडली, त्यापायी दोन दिवस डोकं दुखलं आणि दोन दिवस सगळ्यांवर खेकसून झालं. रात्र कशीही गेली तरी पहाटे बायकोबरोबर उठायचं, ते मात्र त्याने चुकवलं नाही.

राहिली ती काळजी बोलून टाकायची गोष्ट. ती त्याला सगळ्यात अवघड गेली. नाखव्याने काळजी बोलायची नसते, खलाशी घाबरतात. पण संध्याकाळी दोघांचे पाय एकाच घमेल्यात गरम पाण्यात बुडालेले असताना तो एकदा बोलला. ब्विरे घाई करतो, वारा फिरला तरी जाळं सोडत नाही, त्याला काही झालं तर भावाला काय तोंड दाखवू, हेच रात्रभर डोक्यात फिरतं. लिओकादियाने ऐकून घेतलं. मग ती म्हणाली, ‘‘तुम्ही होडीवर असायचात तेव्हा मीही हेच म्हणायचे. फक्त मी ते मासळीला सांगायचे.’’ दुसऱ्या दिवशी माफुरूने ब्विरेला गाठून वाऱ्याचं एकदा स्वच्छ सांगितलं आणि त्याच्या डोक्यावरचं ओझं बरंच उतरलं.

त्या पाण्यात पाय घालून मग रोज बोलणं होऊ लागलं. बोलता बोलता दोघांच्या लक्षात आलं, की लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आपण एका वेळी जागे असायचो ते फक्त चांदण्याचे दिवस. उरलेल्या दिवसांत एक जागा तर दुसरा झोपलेला. एकदा त्याने सहज विचारलं, की न्यांगेता पहिल्यांदा चालली तेव्हा मी कुठे होतो.

‘‘घरातच होतात. झोपलेले. ती भिंत धरून उभी राहिली आणि चार पावलं चालत माझ्याकडे आली. तुमची झोप मोडेल म्हणून मी तिला उचलून बाहेर नेलं. अंगणात आम्ही दोघी नाचलो. पण टाळ्या वाजवल्या नाहीत.’’

माफुरू म्हणाला, ‘‘मला उठवायचं होतंस.’’

‘‘उठवलं असतं तर रात्री होडीवर डुलकी लागली असती. मग मी काय करणार होते?’’

त्या रात्री तो उशिरापर्यंत जागा होता, पण ते जागणं वेगळं होतं. दुसऱ्या संध्याकाळी त्यानेच पाणी तापवलं आणि म्हणाला, सांग, सगळं पहिल्यापासून सांग. मग लिओकादिया लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू झाली. सांगण्यात ती जरा पाल्हाळीक होतीच. कुठल्या कोंबडीने कुठे अंडी घातली इथपासून सगळं. ऐकता ऐकता माफुरूचे पाय पाण्यातून बाहेर येत, तो आडवा होई, हुंकार देत राही, मग हुंकार लांबत, आणि मग त्याचं ते अडकणारं, फुरफुरणारं घोरणं सुरू होई. काळोखाच्या ऐन भरात, सरोवरावर बत्त्याच बत्त्या असताना. ती जिथे होती तिथे थांबायची. दुसऱ्या दिवशी तो विचारायचा, ‘‘कुठपर्यंत आलो होतो?’’ आणि ती तिथून पुढे सांगायची.

महिना संपला आणि बोटीने न्यांगेता आली, बाळाला पाठीशी बांधून. वाळवणावर बापाला मासळी उलटताना बघून ती आधी चकित झाली, मग आनंदली. रात्री बापाला तिने ढाराढूर झोपलेलं बघितलं, आणि सकाळी चहा घेताना म्हणाली, ‘‘बरं झालं बाई. बाबांची झोप लागली मार्गाला. आता तुला इथली काही काळजी नाही. मग चल की माझ्याबरोबर.’’

माफुरू वाळवणाला जायला घमेलं घेऊन दारात उभा होता. तो तिथेच थबकला. झोप आली नाही तर बायको जाईल म्हणून त्याने हे सगळं केलं होतं. झोप आली म्हणूनही ती जाऊ शकते, हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. जा म्हणायला त्याचा जीव होईना, आणि नातवाकडे बघून राहा म्हणायला तोंड होईना. तो घमेल्याचा काठ चाचपत राहिला.

लिओकादियाने बाळाला मांडीवर घेतलं, त्याचं नाक पुसलं, आणि लेकीला म्हणाली, ‘‘येईन गं, न्यांगेता, येईन. पण इतक्यात नाही. यांना अजून सगळं सांगून व्हायचंय. आत्ता कुठे तू बोबडं बोलायला लागली आहेस.’’